कोणाची नाईट किती?

बीबीसीला २०१७ मध्ये वर्षाला दीड लाख पौंडांच्या वर घेणाऱ्या निवेदक-कलाकारांची यादी काढावीच लागली, आणि त्यात जवळपास दोन तृतीयांश पुरुष! टॉपला रेडिओ निवेदक क्रिस इव्हान्स २२ लाखांवर, बायकांत पहिली क्लॉडिया विंकलमन, तीही पाच लाखांच्या आतच. मग बीबीसीचीच निवेदिका समीरा अहमद ट्रिब्युनलमध्ये (नोकरीच्या तक्रारींचं कोर्ट) गेली, तिला एपिसोडचे ४४० पौंड आणि तसल्याच कार्यक्रमाला जेरेमी व्हाइनला ३००० (काय बोलायचं), २०२० ला जिंकली ती. तिकडे ब्रिटनमध्ये कंपनीत २५० किंवा जास्त माणसं असली की बाई-पुरुष पगारातली तफावत जाहीर करायची सक्ती आहे पण छोट्या नाटक कंपन्या सुटतात, वंशानुसार पगारातल्या तफावतीचा हिशोब तर ऐच्छिकच. आपल्याकडे नाटकात नाईटवर (म्हणजे दर प्रयोगामागे) पैसे, आकडा विचारला की सगळे चहा मागवतात 😄