‘बिकॉज’नंतरची तीन सेकंदं

परळच्या ज्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तिथे दहावीचा ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ हा प्रश्न करून घेताना दरवर्षी एकच अडचण येत असे. दिलेल्या मताच्या विरुद्ध बाजूने परिच्छेद लिहायचा, तर मुले गाईडमधला परिच्छेद स्वल्पविरामासकट उतरवत. मी मुलांना दोष देत असे. पण फळ्यावर ‘पॉइंट्स’ही मीच लिहून देत होते. बी.एड.ला ब्लूम यांची, विचार करण्याच्या पायऱ्या सांगणारी १९५६ची वर्गवारी पाठ केली होती, पाठ टाचणात ‘विश्लेषण’ आणि ‘मूल्यमापन’ हे शब्द न चुकता भरत होते, वर्गात मात्र माझे प्रश्न ‘कोण’ आणि ‘केव्हा’ यांच्यापुढे सरकत नव्हते.

मग एकदा गाईडमध्ये नसलेला विषय दिला: सगळ्याच लोकल वातानुकूलित कराव्यात का? पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल डिसेंबर २०१७ मध्ये धावली, त्यामुळे हा विषय मुलांच्या रोजच्या बोलण्यातला होता. चर्चा आधी मराठीत करू दिली (इंग्रजीच्या तासाला हे आमच्याकडे जवळजवळ पाप समजले जाते). दारे आपोआप बंद होतात, म्हणून माणसे पडणार नाहीत, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने पासाचे दर काढले. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, पण माझी आई माशांची पाटी कुठे ठेवणार?” वर्ग हसला आणि लगेच गप्पही झाला.

हेच इंग्रजीत मांडायला सांगितल्यावर मात्र सगळे ‘बिकॉज’पाशी अडले. पूर्वी मी तिथेच वाक्य पूर्ण करून देत असे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांबतात, हे अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण करून दाखवले होते. म्हणून मनात तीन आकडे मोजू लागले. ती शांतता सुरुवातीला मलाच सोसत नसे.

वह्यांमधल्या चुका वाढल्या, अशी सहकाऱ्यांची तक्रार आली. ती खरीच होती, कारण गाईडमधली वाक्ये बिनचूक असतात. त्या मुलीने लिहिले होते, “व्हेअर माय मदर विल कीप हर बास्केट?” ते वाक्य तिला विचारूनच फळ्यावर घेतले आणि त्यावरून प्रश्नार्थक वाक्यातला शब्दक्रम शिकवला. ‘विल’ पुढे आणायला तिनेच माझ्या हातातला खडू घेतला.