नेरूळ ते घारापुरी: शिडावर, आणि थोडं मोटारीवर

नेरूळहून घारापुरीला शिडाच्या बोटीनं जायचं ठरवलंत, तर हवामानाच्या अ‍ॅपआधी पंचांग उघडा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. नवमीला पावणेसात. म्हणजे सकाळी भरल्या पाण्यावर निघायचं, ओहोटीबरोबर खाली उतरायचं, दुपारी एकनंतर चढत्या पाण्यावर परतायचं. शिवाय नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. उधाणाला इथे पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, भांगाला दीडेक मीटरच. ओढ कमी मिळते, पण पनवेल खाडीच्या तोंडाशी चिखलात बसायची भीतीही कमी.

आम्ही पौषात गेलो. बोट मित्राची, तीस फुटी. सोबतीला करावे गावचे एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारे अनुभवी कोळी, काका. मित्रानं जुनं डिझेल इंजिन उपसून टाकलंय आणि 48 व्होल्टची मोटर, दहा युनिटची लिथियम बॅटरी आणि अडीनडीला छोटा जनरेटर बसवलाय. चार नॉटला (म्हणजे तासाला चार सागरी मैल) मोटर दोनेक किलोवॉट घेते, सहा नॉटला सात-आठ. म्हणजे चारनं गेलात तर पाच तास, वीस सागरी मैल. सहाची हौस केलीत तर सव्वा तासात खडखडाट आणि अंतर जेमतेम आठ मैल. त्यातही वीस टक्के राखून ठेवायचे. घारापुरी पाचेक मैलांवर आहे, तेव्हा घाई करणाऱ्यानं हा खटाटोप करूच नये, लाँचनं जावं.

सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, होती, ईशान्येची, पाठीवर घेता येणारी. मोटर फक्त नांगर उचलून पात्रात येईपर्यंत लागली. अटल सेतूखालून जाताना मात्र ती तयार ठेवा. खांबांमध्ये वारा बिथरतो, आणि विजेच्या मोटारीचा खरा फायदा तिथे कळतो: कळ दाबली की त्या क्षणी जोर. डोलकाठीची उंची आणि नकाशावरची पुलाखालची मोकळी जागा घरीच पडताळा. ट्रॉम्बेच्या किनाऱ्यापासून, पीरपावच्या आणि जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्यांपासून लांब राहा. तिथली मनाई गंमत नाही, आणि समजावून सांगायला सागरी पोलिसांकडे वेळ नसतो.

शिडावर चालताना पाण्याच्या ओघानं मोटारीचा पंखा फिरतो आणि बॅटरीत थोडी वीज परत येते. विक्रेते याचं फार कौतुक करतात. पण वेग निम्मा झाला की ही वीज आठव्या हिश्शावर येते, आणि खाडीत वेग कुठून आणणार? आमच्या मीटरवर चांगल्या वाऱ्यात दोनशेच्या आसपास वॉट दिसत होते. ते एकदम चाळीसवर आले. बोटीचा वेग तोच. काकांनी मीटरकडे पाहिलंही नाही, मागे वाकून पाणी बघितलं आणि म्हणाले, "पिशवी." पंखा थांबवून दोन गरके उलटे दिले, तशी दुधाची निळी पिशवी फाटून वर आली. ठाण्याच्या खाडीत या मीटरचा वीज मोजण्यापेक्षा प्लास्टिक ओळखायलाच जास्त उपयोग.

आता शीड. मित्रानं जंक शीड लावलंय, चिनी गलबतांसारखं, आडव्या काठ्यांच्या पट्ट्यांचं. डोलकाठी बुडापासून उभी, बाजूंना ताण देणारी एकही तार नाही. ब्रिटिश दर्यावर्दी ब्लॉन्डी हॅसलर यांनी 1960 साली 'जेस्टर' या छोट्या बोटीवर असंच शीड लावून एकट्यानं अटलांटिक ओलांडला, प्लिमथहून न्यूयॉर्क, 48 दिवसांत. त्यांचा मुद्दा साधा होता: नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, न जाता सगळं बसल्या जागेवरून व्हावं.

परतताना वायव्येचा वारा भरला तेव्हा ते पटलं. दोर सैल सोडला, वरच्या काठ्या आपल्या वजनानं खाली आल्या, एक पट्टी घडी होऊन बसली. उठावंही लागलं नाही. काका बराच वेळ ते बघत होते. त्यांच्या लहानपणीच्या मचव्यावर दिशा बदलायची तर अख्खं परबाण, म्हणजे शिडाचा लांब तिरका वासा, डोलकाठीच्या पलीकडे न्यावं लागे, चार माणसं आणि भरपूर शिव्या. "पण वाऱ्याच्या तोंडावर हे आमच्यासारखं चढणार नाही," हेही त्यांनी ऐकवलंच. खरं आहे. सरळ वाऱ्यावर जायची वेळ आली तर जंकवाल्यानं मोटारीची साथ घ्यावी. दोन्ही मिळून कमी विजेत काम होतं. नेरूळच्या परतीला हा वारा बाजूनं येतो, म्हणून अडचण नाही.

घारापुरीला लाँचच्या वाटेत नांगर टाकू नका. तळ चिखलाचा, नांगर छान धरतो. साखळी मात्र भरतीच्या खोलीच्या पाचपट सोडा, ओहोटीच्या नव्हे. सोमवारी लेणी बंद. मे संपायच्या आत हौस भागवून घ्या, पावसाळ्यात हे पाणी हौशी लोकांचं नाही.

लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. धक्क्यावर चार्जिंग मिळेल असं गृहीत धरू नका, घरूनच भरून निघा. आणि डोल जाळ्यांचे (खुंटांना बांधलेली पिशवीसारखी जाळी) खुंट दिसले की मोटर आधी बंद करा, मग वळा. जाळं पंख्यात गेलं तर मोटर स्वतः बंद पडून वाचते, जाळं वाचत नाही, आणि ते कुणाच्या तरी पोटाचं असतं. करवतीसारख्या दात्यांची सुरी आणि पाण्याखालचा चष्मा सुकाणूजवळ ठेवा.