पोरं बसल्यात आणि पैसे आमी द्यायचे?

मी कोल्हापुरात स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच म्हणून काम करतो, लोकांच्या भाषेत जिमवाला सर. मध्यंतरी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल टीमनं बोलवलेलं, नाव सांगत नाही कारण रोज त्याच गल्लीतनं जायचं असतंय. बाहेरच्यांना सांगायचं तर आमच्याकडं फुटबॉलच्या टीमसुद्धा तालमींच्या नावानं असतात आणि शाहू स्टेडियमला मॅच असली की त्या दिवशी निम्मी पेठ दुकानात सापडत नाही. तर ह्या टीमची आदल्या सीझनला तीन पोरं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, ओढून बाहेर बसलेली, तिघंही मॅच संपत आलेली असताना, आणि वर फॉरवर्ड लाइन स्लो पडती ही तक्रार. म्हणून मला बोलवलं.

दिवाळी होऊन गेलेली, गांधी मैदान बऱ्यापैकी वाळलेलं (पावसाळ्यात तिथं म्हशी पोहतील), सकाळी पोरांना घेतलं. वॉर्मअप नीट केला, मग ३० मीटरच्या सहा स्प्रिंट आणि प्रत्येक स्प्रिंटनंतर तीन मिनिटं पूर्ण रेस्ट. हिशोब केला तर सगळं मिळून एक पोरगं अर्धा मिनिटसुद्धा पळत नाही, बाकी वेळ हिंडायचं, पाणी प्यायचं, कट्ट्यावर टेकायचं.

नेमकं त्याच वेळी अण्णा आले. अण्णा म्हणजे टीमचं सगळं बघणारे, तरुणपणी कुस्ती आणि फुटबॉल दोन्ही केलेले, पोरं त्यांच्यापुढं मान वर करत नाहीत. गाडी स्टँडला लावायच्या आधीच सुरू झाले.

"ओ सर, काय लावलंय हे? पोरं बसल्यात आणि पैसे आमी द्यायचे? घाम न्हाई, काय न्हाई. आमच्या टायमाला रंकाळ्याला फेरी मारल्याबिगर बॉलला पाय लावू देत नव्हते."

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. आपलं गाव कुस्तीचं, पाचशे बैठका मारल्या आणि खाली घामाचं थारोळं झालं तरच मेहनत झाली असं इथं प्रत्येकाच्या डोक्यात बसलंय. आणि त्यात खोटं काही नाही, मातीत दहा-पंधरा मिनिटं झुंजायचं तर तो दम लागतोच. पण पाचशे बैठका मारणारा पाय पाचशे बैठका मारायला शिकतो, हळू आणि लई वेळ. पळताना पाय जमिनीला टेकतो तो क्षण एक दशांश सेकंदाच्या आसपास असतो, जो काय जोर लावायचा तो तेवढ्यातच लावायचा, नंतर ताकद शिल्लक राहिली तरी उपयोग शून्य. म्हणून जिममध्ये मी ह्याच पोरांना स्क्वॉटला वजन जड देतो पण तीन-चारच रेप्स, आणि बाकी उड्या. तिथंपण बसायचं जास्तच असतंय, फक्त ते अण्णांनी बघितलेलं नव्हतं.

समजावत बसलो नाही, सरळ स्टॉपवॉच त्यांच्या हातात दिलं. हातानं लावलेल्या टायमात चूक असतेच, पण माणूस एकच असला की चूक बऱ्यापैकी सारखी राहती आणि फरक तरी कळतो. म्हटलं अण्णा, टायमिंग तुम्ही लावा, पोरगं तुम्ही निवडा. त्यांनी राइट विंगचा बारक्या निवडला, टीममधला सगळ्यात फास्ट. पहिल्या तीन स्प्रिंट रेस्ट घेऊन केल्या, ४.३, ४.३, ४.२ सेकंद. अण्णा काय बोलले नाहीत. मग म्हटलं आता तुमच्या पद्धतीनं करू, बसायचं नाही, चालत माघारी यायचं आणि लगेच पळायचं.

४.३. ४.५. ४.६. ४.९.

तिथं मी थांबवलं, कारण दमलेल्या पायानं फुल स्पीड मारताना पाय पुढं टाकायच्या वेळी हॅमस्ट्रिंगवर जो ताण येतो त्यातच ती जाती, आणि अजून एक पोरगं घरी बसवायची माझी इच्छा नव्हती. बारक्या गुडघ्यावर हात टेकून उभा, घामानं भिजलेला. तर अण्णा म्हणतात, "थांबवलंस कशाला? आत्ता तर कुठं घाम आला!"

पोरं हसली. मी मोबाइल काढला. दुसरी आणि शेवटची स्प्रिंट दोन्ही मी स्लो मोशनमध्ये घेतलेल्या, सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंदाची. पाय टेकल्यापासून उचलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या, बस. अण्णांनी चष्मा लावला आणि अंगठ्यानं एकेक फ्रेम सरकवत स्वतः मोजलं, मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणतात तसं. ताजा असताना ३० फ्रेम. दमल्यावर ३७. परत एकदा मोजलं, परत ३७. व्हिडिओत दिसतपण होतं, शेवटच्या रनला टाच खाली बसती, कंबर खचती, पाय जमिनीला चिकटल्यासारखा.

"म्हणजे हे पोरगं हितं हळू पळायची प्रॅक्टिस करतंय," अण्णाच म्हणाले. मी फक्त मान हलवली.

मग म्हटलं ह्या पहिल्या चार-पाच सेकंदाचं इंधन वेगळं असतंय, क्रिएटिन फॉस्फेट, स्नायूतच साठवलेलं. फुल स्पीडला ते भराभर संपतंय, निम्मं लवकर भरून येतंय पण पुरतं भरायला काही मिनिटं जातात. उसेन बोल्टनं २००९ ला बर्लिनमध्ये १०० मीटरला ९.५८ सेकंदाचा रेकॉर्ड केला त्यातसुद्धा ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदात आणि शेवटचे २० मीटर १.६६ मध्ये. दहा सेकंदाच्या आत तो गडीपण उतरला, मग आपल्या बारक्याचं काय घेऊन बसलाय.

पण अण्णा मुरलेला माणूस. म्हणाले, "ते बरोबर आहे तुमचं. पण मॅच नव्वद मिनिटाची. शाहू स्टेडियमला तीन मिनिटं बसायला रेफ्री देतोय व्हय?"

हा प्रश्न मला आवडला, कारण चांगलेचांगले कोच हा विचारत नाहीत. खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे तुमचा टॉप स्पीड किती, दुसरी म्हणजे तो परत परत किती वेळा काढता येतो. दुसरी लागतेच, आणि आपली पोरं शेवटच्या टप्प्यात जखमी होत्यात म्हणजे तिथं कमी आहेच, अण्णा तिथं शंभर टक्के बरोबर. पण दोन्ही एकाच सकाळी एकाच पायातनं काढायला गेलं की स्पीड वाढत नाही आणि दमाचं कामपण धड होत नाही. म्हणून स्पीडचे दिवस वेगळे, ताज्या पायानं, आणि दमासाठी छोट्या ग्राउंडवर चार विरुद्ध चार, बॉल घेऊन, तिथं मी कुणाला बसू देत नाही. हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक, गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं मागनं घोटे धरायचे आणि हळूहळू पुढं पडायचं, आणि त्याला पोरं मनापासून शिव्या देतात.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पण रविवारी जोतिबाचा डोंगर पळत चढवणार मी ह्यास्नी."

मंगळवारी मॅच. मी म्हटलं अण्णा, आत्ता ३७ कुणी मोजलं? मग घासाघीस सुरू झाली, पोरं दोघांकडं आळीपाळीनं बघत उभी. शेवटी तोडगा निघाला तो असा, आठवड्यातले दोन वार माझे, त्यात अण्णांनी शिट्टी वाजवायची नाही, आणि जोतिबा सीझन संपल्यावर. ह्या रविवारी जायचंच असेल तर गाडीनं जायचं, दर्शन घ्यायचं आणि परत यायचं. त्यावर अण्णा म्हणाले गाडीचं डिझेल तुमच्या पगारातनं, आणि पगाराचं विचारलं तर महिनाअखेरीला बघू.