अण्णांचा तिसरा मणका

अण्णांचं वजन ७८ किलो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हाही काटा फारसा हलला नव्हता. त्यामुळे चौऱ्याहत्तरीतही तब्येत दणकट आहे, ऑपरेशन झेपेल, असं आम्ही भावंडं धरून चाललो होतो.

सर्जन मॅडमनी मला एकटीला आत बोलावून सिटी स्कॅन दाखवला. आजार कुठवर पसरलाय हे बघायला काढलेलाच. नव्याने काही काढायचं नव्हतं. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी पोटाचा आडवा छेद होता आणि त्यात स्नायू तेवढे रंगवलेले. या एका छेदावरून सगळ्या अंगातल्या स्नायूंचा बऱ्यापैकी अंदाज येतो म्हणे. रंगवलेला भाग ११८ चौरस सेंटिमीटर भरला. अण्णांच्या उंचीच्या, म्हणजे १.६८ मीटरच्या वर्गाने भागला की ४२ च्या आत. पुरुषांसाठी ५२.४ ही सीमा बरीच वापरतात, त्याखाली स्नायू कमी धरतात. पण ती कॅनडातल्या रुग्णांवरून काढलेली, आपली अंगकाठी वेगळी, म्हणून नुसत्या आकड्यावर मी निकाल देत नाही, असं मॅडम म्हणाल्या. ते मला फार पटलं. मूळ स्कॅनमध्ये स्नायू काळपटही दिसत होते, म्हणजे आत चरबी शिरलेली. वजन होतं ते चरबीचं.

मग अण्णांना हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. बारा सेकंदांच्या आत व्हायला हवं होतं, त्यांना एकोणीस लागले. मुठीचा जोर २२ किलो. २८ तरी हवा. बघताना मला आठवलं, गेले काही महिने ते खिडकीचा गज धरूनच कॉटवरून उठत होते. वय झालं, म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. ते अजून टोचतं.

आतड्याची वाट बंद झालेली नव्हती, म्हणून आधी अंगात ताकद यावी यासाठी ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं. तोवर आजार वाढला तर, या धास्तीने मला झोप नव्हती. किडनीचे रिपोर्ट चांगले होते, त्यामुळे आहारतज्ज्ञांनी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं सांगितली. आमटी-भातावर ते भागणारं नव्हतं. अंडी, पनीर, मटकीची उसळ, दही, शिवाय दुधातून पावडर. सकाळ-संध्याकाळ खुर्चीची ऊठबस आणि जिना. पहिले चार दिवस अण्णा चिडले, मग स्वतःच मोजायला लागले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चौदा सेकंद लागले. आठव्या दिवशी ते घरी आले. पुढच्या स्कॅनमध्येही तिसऱ्या मणक्यापाशी मोजा, असं मी मॅडमना आत्ताच सांगून ठेवलंय.