खासगी वैमानिकासाठी नकाशा आणि हवामानाचं ॲप: निवड ॲपपासून सुरू करू नका

अमेरिकेत प्रायव्हेट पायलटचं लायसन्स घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: फोरफ्लाइट घेऊ की गार्मिन पायलट? दोन्ही ॲप उत्तम आहेत. पण हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. आधी विमानाच्या पॅनेलमध्ये काय बसवलंय ते बघा, मग रिसीव्हर (हवामान आणि इतर विमानांची माहिती रेडिओवरून पकडणारी पेटी) ठरवा, मग टॅब्लेट आणि मग ॲप. हा क्रम उलटा केला की दोनदा पैसे जातात.

सुरुवात ट्रान्सपाँडरपासून, म्हणजे रडारला उत्तर देऊन विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रापासून. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत, ट्रान्सपाँडर सक्तीचा असलेल्या बहुतेक हवाई हद्दींत एडीएस-बी आउट लागतं. एडीएस-बी म्हणजे विमानाची जागा रेडिओवरून कळवणारी यंत्रणा. आउट म्हणजे विमान आपली जागा सांगतं. हवामान आणि इतर विमानं स्क्रीनवर हवी असतील तर एडीएस-बी इन लागतं, आणि ते सक्तीचं नाही. गार्मिनचा जीटीएक्स ३३५ फक्त आउट करतो. जीटीएक्स ३४५ दोन्ही करतो, शिवाय ब्लूटूथवरून ती माहिती टॅब्लेटला देतो. दोघांचा चेहरा जवळजवळ सारखाच, म्हणून त्यावरचा आकडा वाचा. क्लबच्या विमानात ३४५ असेल तर त्या विमानापुरता वेगळा रिसीव्हर घ्यायची गरजच नाही.

दर वेळी वेगळं विमान भाड्याने घेत असाल, तर मात्र सोबत नेता येणारा रिसीव्हर हवा. इथे ॲपची निवड जवळपास आपोआप होते. सेंट्री हा रिसीव्हर फोरफ्लाइटसाठी बनवलेला आहे. गार्मिनचा जीडीएल ५० किंवा ५२ गार्मिन पायलटशी जुळतो, फोरफ्लाइटशीही जुळतो. स्ट्रॅटक्स ही घरी जोडायची पेटी: एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक), दोन एसडीआर डाँगल (यूएसबीत लावायचे रेडिओ, एडीएस-बीच्या दोन फ्रिक्वेन्सींसाठी एकेक: ९७८ आणि १०९० मेगाहर्ट्झ), एक जीपीएस आणि अँटेना. ती फोरफ्लाइट, आयफ्लाय, ॲव्हेअर अशा ॲपना माहिती देते. गार्मिन पायलट मात्र मुख्यतः गार्मिनच्याच पेट्यांशी बोलतो. अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी फोरफ्लाइटचा प्रश्नच मिटतो, कारण ते फक्त आयपॅड आणि आयफोनवर चालतं. त्यांच्यासाठी गार्मिन पायलट, आयफ्लाय, आणि फुकट हवं असेल तर ॲव्हेअर.

इतर विमानांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण तो जिवावर बेतू शकतो. जमिनीवरचं स्टेशन रडारवर दिसणाऱ्या विमानांची माहिती प्रसारित करतं ते एडीएस-बी आउट असलेल्या विमानासाठी, आणि तेही त्याच्याभोवती १५ नॉटिकल मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्याच भागापुरतं. तुमच्या विमानात आउट नसेल आणि नुसता रिसीव्हर असेल, तर अशा विमानांचं स्क्रीनवर दिसतं ते शेजारून जाणाऱ्या दुसऱ्याच विमानासाठी पाठवलेलं अर्धवट चित्र. स्क्रीन रिकामी म्हणजे आकाश रिकामं नव्हे. बाहेर बघत राहा.

आता हवामान. माझ्या मते ॲप निवडण्यापेक्षा हे समजणं जास्त महत्त्वाचं आहे. एडीएस-बीवरून फुकट मिळणारी हवामान सेवा, एफआयएस-बी, ९७८ मेगाहर्ट्झवर येते. तिच्यात रडारची दोन चित्रं असतात. आसपासच्या प्रदेशाचं चित्र बारीक असतं आणि लवकर ताजं होतं. सगळ्या देशाचं चित्र ठोकळ्यांचं असतं, एका ठोकळ्याची बाजू पाचेक मैलांची, आणि ते दर १५ मिनिटांनी येतं. नकाशा झूम करून दूरवरचं वादळ बघत असाल तर बहुतेक वेळा हे दुसरं चित्र समोर असतं. त्यात दोन ढगांमधली फट दिसली तरी तिच्यावर विसंबू नका.

याहून मोठा धोका चित्राच्या वयाचा आहे. स्क्रीनवर "४ मिनिटं" लिहिलेलं दिसतं, पण हे वय मोजलं जातं ते वेगवेगळ्या रडारची चित्रं जोडून एक चित्र तयार झालं त्या क्षणापासून. त्याआधी प्रत्येक रडारला आकाश न्याहाळायला आणि सगळ्यांची जोडणी व्हायला लागलेला वेळ त्यात धरलेला नसतो. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने जून २०१२ मध्ये याच मुद्द्यावर इशारा दिला होता: चित्रातली परिस्थिती दाखवलेल्या वयापेक्षा २० मिनिटांपर्यंत जुनी असू शकते. गणित करून बघा. ३० नॉट्सने सरकणारं वादळ २० मिनिटांत १० नॉटिकल मैल पुढे गेलेलं असतं. स्क्रीनवर जिथे मोकळी वाट दिसते, तिथे ते आता उभं असू शकतं. म्हणून हे चित्र लांबूनच वळसा ठरवण्यासाठी, ढगांमधून वाट काढण्यासाठी कधीच नाही. तीव्र वादळापासून किमान २० मैल लांब राहा हा एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) सल्ला चित्र कितीही ताजं दिसलं तरी लागू आहे.

आपल्या ॲपमध्ये "पाऊस नाही" आणि "माहितीच नाही" हे वेगवेगळं कसं दाखवतात तेही जमिनीवर असतानाच शोधून ठेवा. बहुधा माहिती नसलेला भाग करड्या छटेने किंवा तिरक्या रेघांनी दाखवतात, आणि उन्हात तो सहज नजरेतून सुटतो. मेटारचा (विमानतळाच्या हवामान अहवालाचा) हिरवा ठिपकासुद्धा पन्नास मिनिटांपूर्वीचा असू शकतो. ठिपक्यावर बोट ठेवून वेळ वाचायची सवय लावून घ्या.

एफआयएस-बी मिळायला विमान आणि जमिनीवरचं स्टेशन यांच्यामध्ये अडथळा नसावा लागतो. अनेक छोट्या विमानतळांवर धावपट्टीवर उभं असताना काहीच येत नाही, हजार-दोन हजार फुटांवर गेल्यावर चित्र भरू लागतं. सिरियसएक्सएम या कंपनीचं हवामान उपग्रहावरून येतं, त्यामुळे जमिनीवरही मिळतं, पण महिन्याची वर्गणी आहे आणि जीडीएल ५२ सारखा रिसीव्हर लागतो. उन्हाळ्यात लांब पल्ल्याचं उड्डाण करणाऱ्याला ती वर्गणी परवडते. शनिवारी तासभर फिरून येणाऱ्याला नाही. आणखी एक मर्यादा: एफआयएस-बीवर गेल्या ३० दिवसांतलेच नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) येतात. जुने, अजून लागू असलेले नोटॅम आणि बंद हवाई हद्दी उड्डाणाआधी फ्लाइट सर्व्हिसच्या (वैमानिकांना माहिती देणाऱ्या सेवेच्या) ब्रीफिंगमध्येच बघा.

टॅब्लेटबद्दल थोडक्यात. फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, सेल्युलर मॉडेलमध्ये असतो, सिमकार्ड न घालताही. वाय-फायवाला आयपॅड रिसीव्हरच्या जीपीएसवर चालतो, पण मग रिसीव्हरची बॅटरी संपली की हवामान आणि नकाशावरची जागा दोन्ही एकदम जातात. सेस्नाच्या योकसाठी (विमान वळवायच्या हँडलसाठी) आयपॅड मिनी बरोबर बसतो. योकवर लावल्यावर योक दोन्ही बाजूंना आणि मागे पूर्ण ओढून बघा, कुठेच अडकता कामा नये. ॲपलने आयपॅडसाठी ३५ अंश सेल्सिअसची मर्यादा सांगितली आहे, आणि ॲरिझोना किंवा टेक्ससच्या उन्हात काचेखालचा आयपॅड ती भराभर ओलांडून बंद पडतो. जाड कव्हर काढा, हवेच्या झोतात ठेवा, प्रखर उन्हात चार्जिंग थांबवा. दुसरं साधन म्हणून फोनवर तेच ॲप आणि तेच नकाशे असू द्या. चार्जर १२ आणि २८ व्होल्ट दोन्ही झेपणारा घ्या. स्वस्त चार्जरमुळे रेडिओत खरखर येते. चार्जर काढल्यावर ती थांबली तर दोष त्याचाच.

रिसीव्हर जोडलाय, वाय-फाय लागलंय, तरी ॲपमध्ये काहीच येत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेकदा आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये, प्रायव्हसीखाली, लोकल नेटवर्कची परवानगी त्या ॲपला दिलेली नसते. ती दिली की काम होतं.

नकाशे उड्डाणाच्या आदल्या रात्री उतरवा. सेक्शनल (बाहेर बघत उडताना वापरायचे नकाशे) दर ५६ दिवसांनी बदलतात, ॲप्रोचच्या प्लेट (उपकरणांवर उतरण्याच्या मार्गाचे तक्ते) दर २८ दिवसांनी. फोरफ्लाइटमध्ये 'पॅक' हे बटण मार्गावरचं सगळं एकदम उतरवतं. त्यानंतर एअरप्लेन मोड लावा, वाय-फाय बंद करा आणि मार्गातला प्रत्येक नकाशा झूम करून उघडा. धूसर चौकोन दिसला तर तो भाग उतरलेला नाही.

शिक्षण संपवून भारतात परतणार असाल तर रिसीव्हरवर फार खर्च करू नका. भारतात एफआयएस-बी सेवा नाही, त्यामुळे हवामानासाठी तो तिथे उपयोगाचा नाही.

आता दोन ॲपमध्ये निवडायचंच असेल तर दोन्ही महिनाभर फुकट वापरून बघता येतात. खुर्चीत बसून एकच मार्ग दोन्हींत आखा. मग उड्डाणाच्या मध्यात आहोत असं धरून जवळच्या विमानतळाकडे वळा, तिथला वारा आणि धावपट्टीची लांबी शोधा, टॉवरची फ्रिक्वेन्सी काढा. हे सगळं एका हाताने, दुसरा हात योकवर आहे असं समजून करा. ज्या ॲपमध्ये मान कमी वेळ खाली राहिली, ते घ्या.