सीझन २००९, भाग १४

घरच्या व्हिडिओंचा सगळा पसारा एकदाचा कोडीत, म्हणजे व्हिडिओंची लायब्ररी मांडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घातला आणि पहिल्याच संध्याकाळी आजीच्या वाढदिवसावर पिस्तूलधारी नायकाचं पोस्टर झळकलं. चूक माझीच. त्या फोल्डरात सिनेमे आहेत असं मीच सांगून बसलो होतो. मग फाइलच्या नावावरून इंटरनेटवरची माहिती शोधणारा स्क्रेपर 'बर्थडे फायनल' हे नाव घेऊन इमानेइतबारे हिंडला आणि जे सापडलं ते घेऊन आला.

फोल्डरात काय आहे, असं कोडी आधी विचारतं. सिनेमा, मालिका, म्युझिक व्हिडिओ की काहीच नाही? घरचे व्हिडिओ रीतसर 'काहीच नाही'त मोडतात. तसं सांगितलं की पोस्टरची भानगड मिटते, पण लायब्ररीतही ते दिसत नाहीत, नुसती फाइलींची यादी उरते. मला हे लागलं. मग आम्ही मालिका झालो. वर्ष म्हणजे सीझन, प्रसंग म्हणजे भाग, आणि माहिती बाहेरून न आणता प्रत्येक व्हिडिओशेजारी त्याच नावाच्या एनएफओ फाइलमध्ये स्वतः लिहायची. (एक्सबीएमसीचं २०१४ साली कोडी झालेल्या सॉफ्टवेअरला नावं बदलण्याचं वावडं नसावं.)

खरी कसोटी तारखांची. एमपी४ फाइलमधली वेळ १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजून लिहिलेली असते. कॅमेऱ्याने तिथे शून्य सोडलं की भाचा थेट १९०४ साली पहिलं पाऊल टाकतो. मग पुरावे गोळा करायचे. पुढचा दात पडलेला आहे का? पडदे निळे की नंतरचे पिवळे? भिंतीवर कॅलेंडर दिसलं म्हणून हरखून व्हिडिओ थांबवला, तर ते दोन महिने उलटलेलंच नव्हतं. २००९ चे एकसष्ट भाग निघाले, २०१३ चे दोनच. त्या वर्षी काय चाललं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सॉफ्टवेअरला ठाऊक असायची गरज नाही.

भाग १४ मी पुसणारच होतो. चाळीस सेकंद नुसता टेबलाचा पाय दिसतो. मागून बाबांचा आवाज, "बंद केलास ना गं?" आणि आत्या ठणकावून, "केव्हाच!" मग कुणीतरी खुर्ची सरकवतं, आणि आत्या हळूच आजीच्या चालण्याची नक्कल करत असावी, कारण बाबा हसू दाबताना ऐकू येतात. दिसत काहीच नाही. पण पुसायला बोट उचललं नाही. शीर्षक दिलं 'टेबल', कथासारात लिहिलं : 'आत्या कॅमेरा बंद करायला विसरते.'

परवा आत्या आली. भाग १४ लावला. ती शेवटपर्यंत गप्प बसली, मग पडद्यावरचं कथासार वाचून म्हणाली, "विसरले नव्हते रे. त्याचं हसू हवं होतं. कॅमेरा दिसला की तुझा बाप पुतळा व्हायचा."

ती गेल्यावर मी एनएफओ उघडून वाक्य दुरुस्त केलं. पण भाग रिफ्रेश केल्याशिवाय कोडी ती फाइल पुन्हा वाचत नाही, आणि ते मी अजून केलेलं नाही.