मार्साबिटहून परतताना: मागून येणाऱ्यांसाठी

डिसेंबर 2022 मध्ये उत्तर केनियातल्या मार्साबिटमधला माझा करार संपला, तेव्हा तिथे सलग पाचवा पावसाळा कोरडा गेला होता. वर्षाला दोन पावसाळे असतात, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पाच बुडाले म्हणजे अडीच वर्षं. टँकर तिथेही येतो. चारा छावणी मात्र नाही, आणि गाब्रा-रेंदिले या पशुपालक लोकांचं सगळं धन जनावरांतच. दुष्काळात आधी गाई-मेंढ्या जातात, उंट सर्वांत शेवटी. मी निघाले तेव्हा उंट पडू लागले होते.

निघण्याआधीचे दिवस निरोपात घालवू नका, वहीत घाला. माझं काम बोअरच्या पंपांचं. कोणता बोअर किती खोल, जनरेटरचं तेल कधी बदललं, सुटा भाग नैरोबीत कुणाकडे मिळतो, पंपाच्या खोलीची किल्ली पाणी समितीतल्या कुणाकडे असते, हे सगळं लिहून स्थानिक सहकाऱ्याला बोअरवर नेऊन दाखवा. नुसता ईमेल पाठवलात तर तो कुणी उघडणार नाही. बाहेरून आलेले आपण जातोच. पंप तिथलेच लोक चालवतात.

निरोपाला बोकड कापायची पद्धत आहे. दुष्काळात ते घराला परवडत नाही आणि पाहुण्याने तोंडावर नाही म्हटलं तर अपमान होतो. म्हणून तिथल्याच सहकाऱ्याकडून आधी निरोप पाठवा, की चहा पुरे. आणि ‘परत येईन’ हे शब्द तोंडातून काढू नका. निधी पुढे मिळेल की नाही हे तुमच्या हातात नसतं, पण लोक ते लक्षात ठेवतात.

नैरोबीपर्यंत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आता सगळा डांबरी रस्ता. पहाटे निघा. लाइसामिस, मेरिले या पट्ट्यात मुलं रिकाम्या बाटल्या उंचावून गाडीला हात करत होती. पाण्याचे जादा कॅन घ्या, पण कुठे थांबायचं ते ड्रायव्हरला ठरवू द्या; भर रस्त्यात थांबलं की मुलं चाकाखाली धावतात. इसिओलोनंतर चढ लागतो आणि नान्युकीला पोचेपर्यंत हिरवी शेतं दिसतात. त्या काही तासांचा मला रागच आला.

विमानतळाआधी एम-पेसातले, म्हणजे तिथल्या मोबाइल खात्यातले, पैसे काढून शिलिंग बदलून घ्या, आपल्याकडे ते सहसा कुणी घेत नाही. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत असू द्या. केनियाहून येणाऱ्यांकडे ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग ते जन्मभर चालतं.

मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर घरी आल्यावरही चार आठवडे चालू ठेवा. नंतर महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना आफ्रिका सांगा, शिवाय मार्साबिट सांगा. तिथे काळा आजारही आहे आणि पुण्यातल्या दवाखान्यात त्याचा विचार चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

घरी ‘सिंह पाहिले का?’ हे विचारतीलच. चिडू नका, मग पाण्याबद्दल ऐकायला कुणीतरी थांबतं.

तिथून पैशासाठी मेसेज येतात, खरेच असतात. मी एकेकट्याला पाठवत नाही. पाणी समितीला, सहकाऱ्यांना विचारून पाठवते. यावर माझ्याशी भांडणारे आहेत, भांडोत.

मार्च 2023 मध्ये पाऊस आला, तोही पूर घेऊन. तोवर केनियात 24 लाखांहून अधिक जनावरं गेली होती. उंटीण तेरा महिने गाभण असते, तेव्हा कळप सावरायला किती वर्षं लागतील ते बघा. आता जाणार असाल तर पंपांइतकंच जनावरांच्या डॉक्टरचं काम आहे का, हे आपल्या संस्थेला निघण्याआधी विचारा.